गोचिडाचे औषध कुत्र्याला बाधते तेव्हा

कुत्र्याच्या अंगावरच्या पिसवा आणि गोचिडी मारणारी औषधे म्हणजे मुळात कीटकनाशके. किड्याची मज्जासंस्था बिघडवून त्याला मारायचे, हेच बहुतेकांचे काम. मज्जासंस्था कुत्र्यालाही असते. पण किडा ज्या मात्रेत मरतो, त्याहून किती तरी जास्त मात्रा पोटात किंवा रक्तात गेल्याशिवाय कुत्र्याला सहसा काही होत नाही. या दोन मात्रांमधले अंतर जेवढे मोठे, तेवढे औषध निर्धोक. नव्या औषधांत हे अंतर भरपूर असते, जुन्या औषधांत बेताचे. आणि वजनाचा अंदाज चुकला, औषध गाईम्हशींचे निघाले किंवा एकावर दुसरे औषध पडले, की होते तेही संपते.

म्हणून ‘औषध बाधले’ या एका तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. योग्य औषध योग्य मात्रेत देऊनही एखाद्या कुत्र्याला उलटी होते, कातडी लाल होते, क्वचित झटका येतो, हा दुष्परिणाम. चुकीचे किंवा जास्त औषध गेल्याने होते ती विषबाधा. महाराष्ट्रात गोचिडाच्या औषधाने गंभीर झालेल्या कुत्र्यांची चौकशी केली, तर दुसरा प्रकार वारंवार निघतो, आणि तो जवळजवळ नेहमी टाळता येण्यासारखा असतो.

आणखी एक घोटाळा सुरुवातीलाच दूर केलेला बरा. पिसू हा सहा पायांचा कीटक. गोचीड आठ पायांचा, कोळी-विंचवांच्या कुळातला. त्यामुळे पिसवांवर रामबाण असलेले प्रत्येक औषध गोचिडावर चालतेच असे नाही. इमिडाक्लोप्रिड एकटे असेल तर पिसवा मरतात, गोचिडी मात्र तशाच राहतात. मग ‘औषध लागू पडले नाही’ म्हणून त्याच आठवड्यात दुसरा डोस दिला जातो आणि बाधा होते ती त्या दुसऱ्या डोसाची. खोक्यावर नेमक्या कोणत्या जिवाचे नाव आहे, हे वाचायला अर्धे मिनिट लागते.

मानेवर टाकायचे थेंब

दुकानात ‘स्पॉट-ऑन’ म्हणून मिळणाऱ्या नळीतले औषध दोन खांद्यांच्या मधे, मानेच्या बुडाशी टाकायचे असते. ती जागा मुद्दाम निवडलेली आहे, कारण कुत्र्याची जीभ तिथे पोहोचत नाही. केस बोटांनी दोन्ही बाजूंना सारून कातडी दिसेपर्यंत भांग पाडायचा, नळीचे टोक कातडीला टेकवायचे आणि मग दाबायचे. थेंब केसांवरच राहिले तर औषध पसरत नाही; पाठीवरून ओघळले तर कुत्रा ते चाटतो, आणि चाटले की तोंडाला फेस येऊन लाळ गळू लागते. ही लाळ बहुतेक वेळा औषधाच्या कडू चवीची आणि त्यातल्या द्रावकाची असते. तोंड ओल्या फडक्याने पुसून थोडे पाणी प्यायला दिले की ती थांबते. तासाभरानंतरही थांबली नाही, किंवा सोबत पाय थरथरू लागले, तर मात्र डॉक्टर गाठायचे.

थेंबांचा सर्वांत नेहमीचा त्रास कातडीवरच दिसतो. टाकलेल्या जागी लाली येते, खाज सुटते, केस चिकट होतात, कधी रुपयाएवढ्या भागातले केस गळतात. फिप्रोनिलच्या औषधांत हे अधूनमधून दिसते. केस पुन्हा येतात. परमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड वर्गातल्या औषधाने काही कुत्र्यांना त्या जागी मुंग्या आल्यासारखे होत असावे, असे त्यांच्या वागण्यावरून दिसते. ते सारखे मागे वळून पाठीकडे पाहतात, भिंतीला अंग घासतात, एका जागी बसत नाहीत, मधेच दचकून पळतात. औषध धुऊन काढले की बहुतेक कुत्री दिवसभरात शांत होतात. अशा कुत्र्याला पुढच्या महिन्यात तेच औषध पुन्हा टाकू नये.

थेंबांबद्दल मोठी खळबळ झाली ती अमेरिकेत. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे 2008 या एका वर्षात स्पॉट-ऑन औषधांविषयी 44,000 हून अधिक तक्रारी आल्या. कातडीच्या किरकोळ खाजेपासून झटके आणि मृत्यूपर्यंत सर्व प्रकार त्यांत होते. 2009 मध्ये संस्थेने छाननी सुरू केली आणि पुढच्या वर्षी जे निष्कर्ष मांडले, त्यांतला एक घरोघर उपयोगी आहे: लहान चणीच्या कुत्र्यांना त्रास जास्त झाला होता. कारण उघड आहे. वजनाचा एकच गट फार रुंद ठेवला, की त्या गटातल्या सर्वांत हलक्या कुत्र्याला किलोमागे सर्वांत जास्त औषध मिळते. पॉमेरेनियन किंवा शिह त्झू पाळणाऱ्याने खोक्यावरचा वजनगट अधिक काटेकोरपणे पाहायला हवा, तो यासाठी.

तोंडाने द्यायच्या गोळ्या

गेल्या दहा-बारा वर्षांत गोचिडाची चघळायची गोळी शहरांत सर्रास झाली. अफॉक्सोलॅनर, फ्लुरालॅनर, सॅरोलॅनर आणि लोटिलॅनर ही चार नावे एकाच कुटुंबातली. त्या कुटुंबाला आयसोक्झाझोलिन म्हणतात. नेक्सगार्ड, ब्राव्हेक्टो, सिंपॅरिका या व्यापारी नावांनी पहिली तीन ओळखीची आहेत. गोळीतले औषध रक्तात उतरते, गोचीड रक्त पिते आणि मरते. म्हणजे गोळी दिल्यावरही गोचीड चावणारच. अंगावर एखादी दिसली म्हणून गोळी वाया गेली असे समजायचे कारण नाही.

या गोळ्यांचे नेहमीचे दुष्परिणाम पोटाचे: उलटी, पातळ शौच, एखादा दिवस अन्नावरची वासना जाणे, मरगळ. फ्लुरालॅनरची गोळी जेवणासोबत द्यायची असते. उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. अफॉक्सोलॅनर दिल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली, तर गोळी पुन्हा द्यावी असे कंपनीच्या अमेरिकी माहितीपत्रकात म्हटले आहे. पण उलटीत गोळीचे तुकडे दिसले की नाही, हे पाहून डॉक्टरांना विचारावे आणि मगच दुसरी गोळी फोडावी, हे जास्त शहाणपणाचे.

गंभीर दुष्परिणाम मेंदूचे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2018 मध्ये या संपूर्ण वर्गाबद्दल जाहीर सूचना काढली. काही कुत्र्यांत आणि मांजरांत स्नायू थरथरणे, चालताना तोल जाणे आणि झटके येणे असे प्रकार नोंदले गेले होते, आणि त्यांतल्या काही प्राण्यांना त्याआधी कधीही झटका आलेला नव्हता. प्रशासनाने औषधे बाजारातून काढली नाहीत. बहुसंख्य प्राण्यांसाठी ती सुरक्षित आहेत हे सांगून वेष्टनावर इशारा छापायला लावला. या सूचनेचा एक अर्थ समाजमाध्यमांवर लावला जातो, ‘ही गोळी म्हणजे विष’. दुसरा अर्थ दुकानदार लावतो, ‘काही होत नाही, बिनधास्त द्या’. दोन्ही चूक. ज्या कुत्र्याला फेफरे येते किंवा पूर्वी कधी एकदा तरी आले होते, त्याला ही गोळी देण्याआधी डॉक्टरांना तो इतिहास सांगितलाच पाहिजे, आणि दुसरा पर्याय असेल तर तो घेतला पाहिजे. निरोगी कुत्र्यासाठी धोका लहान आहे, आणि गोचीडतापाचा धोका त्याहून मोठा.

गोळीची एक अडचण थेंबांना नाही. ती एकदा पोटात गेली की परत काढता येत नाही. अफॉक्सोलॅनर आणि फ्लुरालॅनर यांचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून तर एकाचा परिणाम महिनाभर आणि दुसऱ्याचा बारा आठवडे टिकतो. बाधा झालीच तर औषध शरीरातून जाईपर्यंत लक्षणांवर उपचार करत राहावे लागते. यावरून एक साधा नियम निघतो: नाजूक प्रकृतीच्या कुत्र्याला या वर्गातली गोळी पहिल्यांदाच देत असाल, तर तीन महिन्यांच्या गोळीने सुरुवात करू नये. महिन्याची गोळी द्यावी, सोसते का पाहावे.

पैसे वाचवण्यासाठी मोठ्या कुत्र्याची गोळी घेऊन तिचे तुकडे करण्याची पद्धतही रुळली आहे. 25 ते 50 किलोच्या कुत्र्यासाठीच्या अफॉक्सोलॅनरच्या गोळीत 136 मिलिग्रॅम औषध असते, तर 2 ते 4 किलोच्या कुत्र्यासाठीच्या गोळीत 11.3 मिलिग्रॅम. तीन किलोच्या पिल्लासाठी मोठ्या गोळीचा बारावा भाग सुरीने नेमका कापणे कोणाला जमणार? शिवाय प्रत्येक तुकड्यात औषध सारखेच आले असेल याची हमी नसते.

अंग धुण्याचे औषध आणि टोपणाचे माप

खरी जोखीम इथे आहे. कृषी सेवा केंद्रात किंवा जनावरांच्या औषधांच्या दुकानात डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन आणि अमित्राझ यांच्या बाटल्या सहज मिळतात. बुटॉक्स हे त्यांतले गावोगावी तोंडात बसलेले नाव. बाटली स्वस्त असते, गोठ्यातल्या गाईबैलांसाठी आणलेली असते, आणि उरलेल्या औषधात कुत्र्याचीही आंघोळ उरकली जाते.

12.5 टक्क्यांच्या अमित्राझचे 2 मिलिलिटर एक लिटर पाण्यात मिसळले, तर द्रावण 0.025 टक्के होते. घरात मोजायची सिरिंज नसते, म्हणून ‘एक टोपण’ टाकले जाते. टोपण 10 मिलिलिटरचे असेल तर द्रावण 0.125 टक्के, म्हणजे सरळ पाचपट. त्यात पाणी लिटरभर नसून तांब्याभर असले तर आणखी कडक. मिलिलिटर मोजायला इंजेक्शनची दहा रुपयांची सिरिंज पुरते. ती नसेल तर हे औषध वापरूच नये. कुत्र्यासाठी किती मिलिलिटर हे डॉक्टरांनी ठरवायचे. गाईचे माप आणि कुत्र्याचे माप एक नसते.

अमित्राझ जास्त झाल्यावर कुत्रा झोपाळतो, उठवल्यावर डगमगतो, त्याचे अंग गार पडते, नाडी मंदावते, रक्तातली साखर चढते. मधुमेही कुत्र्याला ते देऊ नये. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लांना आणि चिवावासारख्या अगदी लहान जातींना ते टाळतात. मधुमेही माणसानेही कुत्र्याला या औषधाने धुऊ नये, निदान हातमोजे आणि मोकळी हवा यांशिवाय तर नाहीच. दिलासा एवढाच, की अमित्राझवर उतारा आहे: योहिम्बीन किंवा अटिपामेझोलचे इंजेक्शन. मात्र डॉक्टरांना बाटली दाखवली तरच तो वेळेवर मिळतो.

डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांची बाधा उलट्या ढंगाची. त्यांत मरगळीपेक्षा थरथर, लाळ, दचकणे, अंगाला पीळ आणि शेवटी झटके असे चित्र दिसते, ताप चढतो. या वर्गाला नेमका उतारा नाही. झटके थांबवणारी औषधे, सलाईन आणि अंगावरचे औषध धुणे यांवरच भिस्त असते.

जुन्या घरांत याहून वाईट गोष्टी फडताळात सापडतात. मॅलाथिऑन, क्लोरपायरिफॉस, डायक्लोरव्हॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातली कीटकनाशके. डायक्लोरव्हॉस ‘नुवान’ या नावाने वर्षानुवर्षे ढेकूण-गोचिडांवर मारले गेले. भारतात 31 डिसेंबर 2020 पासून त्यावर बंदी आहे, पण जुनी बाटली अजून एखाद्या गोठ्यात निघते. कुत्र्याच्या अंगावर किंवा अंथरुणावर ते पडले, तर तोंडातून लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, सतत लघवी-शौच, बारीक झालेल्या बाहुल्या आणि श्वासाची घरघर ही लक्षणे झपाट्याने येतात. अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर कुत्रा वाचू शकतो. तिथे घरगुती उपाय करत बसणे म्हणजे वेळ घालवणे.

गाईचे इंजेक्शन, कोलीची जात

आयव्हरमेक्टिन हे थोर औषध. ते शोधणाऱ्या विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना 2015 चे नोबेल मिळाले. गावाकडे मात्र ते ‘गोचिडाचे इंजेक्शन’ म्हणून कुत्र्यालाही टोचले जाते, आणि तेही अनेकदा डॉक्टरांविना. जनावरांच्या 1 टक्का इंजेक्शनमध्ये एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असते. 50 किलो वजनाला एक मिलिलिटर असा त्याचा गुरांसाठीचा हिशेब. दहा किलोच्या कुत्र्याला तेच ‘एक मिली’ दिले की किलोमागे पाचपट औषध जाते. एवढे करून पिसवांवर त्याचा उपयोग जवळपास नाहीच.

कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलँड शीपडॉग अशा मेंढपाळ जातींत आणि त्यांच्या संकरांत एका जनुकातला बिघाड पुष्कळ आढळतो. अमेरिकेत तो 2001 मध्ये ओळखला गेला. निरोगी कुत्र्यात मेंदूच्या वेशीवर एक प्रथिन पहारा देते आणि आयव्हरमेक्टिन परत रक्तात लोटते. या कुत्र्यांत तो पहारा नसतो. मग इतर कुत्र्यांना सहज पचणाऱ्या मात्रेतही ते मेंदूत शिरते. बाहुल्या विस्फारतात, तात्पुरते आंधळेपण येते, कुत्रा लडखडत पडतो, बेशुद्ध होतो आणि ती बेशुद्धी अनेक दिवस टिकू शकते. हृदयातल्या जंतासाठी दिली जाणारी महिन्याची मात्रा फारच लहान असल्याने ती या जातींनाही चालते. गोचिडासाठी-खरजेसाठी टोचली जाणारी मोठी मात्रा चालत नाही. आपल्याकडच्या संकरित कुत्र्याच्या वंशावळीत कोली होता की नाही, हे सहसा कोणालाच ठाऊक नसते. तेवढ्यासाठीच हे इंजेक्शन दुकानातून आणून टोचू नये.

पट्टा, पावडर आणि आजीबाईचा बटवा

गळ्यातल्या पट्ट्याखाली केस झडणे, चट्टा उठणे हे नेहमीचे. पट्टा आणि मान यांत दोन बोटे जातील एवढी जागा हवी, आणि उरलेले टोक कापून टाकायला हवे. ते कुत्र्याने किंवा घरातल्या रांगत्या मुलाने चघळू नये म्हणून. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन असलेल्या सेरेस्टो पट्ट्यावरून 2021 मध्ये अमेरिकेत बरेच वादळ उठले. तिथल्या पर्यावरण संस्थेने फेरतपासणी करून 2023 मध्ये विक्री चालू ठेवली, पण परवाना पाच वर्षांपुरता केला आणि वेष्टनावर जादा इशारे घालायला लावले. पावडरीचा मुख्य धोका म्हणजे ती पंजांवर, पोटावर राहते आणि चाटण्यातून पोटात जाते.

‘रसायने नकोत, घरचे करू’ या विचाराने जे केले जाते, त्यातले काही प्रकार रसायनांहून घातक आहेत. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटताना ते फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. तंबाखूच्या पाण्यातले निकोटिन सरळ विष आहे. अंथरुणात ठेवलेल्या डांबरगोळ्या पिल्ले खातात. कापूर आणि टी ट्री तेल अंगाला चोळल्यावर थरथर, अशक्तपणा आणि लडखड झालेली आहे. लसूण खाऊ घातल्याने पिसवा जात नाहीत, रक्तातल्या तांबड्या पेशी मात्र फुटू शकतात. कडुनिंबाच्या पाल्याचे कोमट पाणी अंगावरून घेण्यात सहसा काही वाईट होत नाही. फारसे चांगलेही होते अशी अपेक्षा नसावी.

एकावर एक औषधे

सोमवारी पट्टा, बुधवारी पावडर, रविवारी अंग धुणे. प्रत्येक वस्तू वेगळ्या दुकानातून आणलेली, प्रत्येकीवर वेगळे नाव. पण पट्ट्यातले फ्लुमेथ्रिन, धुण्यातले डेल्टामेथ्रिन आणि थेंबांतले परमेथ्रिन ही तिन्ही एकाच वर्गातली भावंडे आहेत. कुत्र्याच्या शरीरात त्यांची बेरीज होते. म्हणून विकत घेताना व्यापारी नाव सोडून खाली बारीक अक्षरात छापलेला घटक पाहावा. एका वेळी एकच औषध, आणि दुसरे जोडायचेच असेल तर ते डॉक्टरांच्या सांगण्याने. पिसवांची स्पिनोसॅड ही गोळी आणि आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा एकत्र आली, तर चांगल्या धडधाकट कुत्र्यालाही बाधा होते.

घरात मांजर असेल तर परमेथ्रिनचे थेंब आणूच नयेत. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. कुत्र्यासाठीच्या नळीतले थोडे थेंबही त्याला झटके आणून मारू शकतात. औषध टाकलेल्या कुत्र्याला बिलगून झोपल्याने किंवा त्याला चाटल्यानेही मांजरे दगावली आहेत. फिप्रोनिल सशांना चालत नाही. फवारा मारताना माशांची टाकी झाकून तिचा हवेचा पंप बंद ठेवावा, कारण पायरेथ्रॉइडने मासे पटापट मरतात.

औषध की गोचीडताप?

गोळी दिल्यानंतर आठ-दहा दिवसांनी कुत्रा मलूल झाला, खाईना, की दोष गोळीवर जातो. पण गोळी दिली होती ती अंगावर गोचिडी होत्या म्हणून. त्याच गोचिडींनी एर्लिकिया किंवा बॅबेसियाचे जंतू आधीच सोडलेले असू शकतात, आणि चावल्यापासून आजार दिसेपर्यंत एक ते तीन आठवडे सहज जातात. महाराष्ट्रात ज्याला डॉक्टर ‘टिक फिव्हर’ म्हणतात तो हाच. इथे थर्मामीटर कामाला येतो. कुत्र्याचे गुदद्वारातून घेतलेले तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असते. 104 ताप, पांढुरक्या हिरड्या, गडद लघवी, नाकातून रक्त किंवा पोटावर जांभळे ठिपके ही लक्षणे औषधाच्या दुष्परिणामांपेक्षा गोचीडतापाकडे बोट दाखवतात. गोळीला दोष देत दोन दिवस थांबले, तर उपचाराचे महत्त्वाचे दिवस जातात. रक्ततपासणी लगेच करावी.

उलट, औषध दिल्यापासून काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू झालेली उलटी, लाळ, थरथर, लडखड यांचा संबंध औषधाशी असण्याची शक्यता जास्त. औषध दिल्यावर पहिल्या तासाभरात खाज एकदम वाढली, तर मरत्या पिसवांची वळवळ हेही कारण असू शकते. तेवढ्याने घाबरू नये.

बाधा झाल्यावर पहिला तास

औषध अंगावरचे असेल तर ते धुऊन काढायचे. हातमोजे घालावेत, पाणी कोमट घ्यावे, साबण भांडी घासायच्या साध्या लिक्विडसारखा, तेलकटपणा काढणारा असावा. कडकडीत पाणी नको. त्याने कातडीतला रक्तप्रवाह वाढतो आणि औषध जास्त शोषले जाते. दोनदा धुऊन, खळखळून पाण्याने काढून, टॉवेलने कोरडे करावे. कुत्र्याला झटके येत असतील तर धुण्याच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना. गोळी पोटात गेली असेल तर अंघोळीचा उपयोग नाही.

मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. मिठाचीच बाधा होते. दूध, तूप, तेल पाजू नये. काही कीटकनाशके स्निग्ध पदार्थांसोबत जास्त शोषली जातात, आणि झिंगलेल्या कुत्र्याच्या घशाखाली ओतलेले दूध फुफ्फुसात जाते.

झटका आला तर तोंडात हात, चमचा, कांदा, चप्पल काही घालायचे नाही. जवळचे टेबल-खुर्ची सरकवून, दिवे मंद करून, घड्याळ पाहायचे. फोनवर चित्रण करता आले तर करावे. डॉक्टरांना ते वर्णनापेक्षा जास्त सांगते. झटका पाच मिनिटांहून लांबला किंवा एका दिवसात दुसरा आला, तर ती आणीबाणी. सोबत औषधाचे खोके किंवा बाटली, दिल्याची वेळ, किती दिले, कुत्र्याचे वजन आणि गेल्या महिनाभरात वापरलेल्या इतर औषधांची नावे न्यावीत. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाशेजारच्या मोठ्या रुग्णालयात असो की तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, उपचार कोणता हे पहिल्यांदा त्या खोक्यावरून ठरते.

देण्याआधी

वजन अंदाजाने सांगू नये. घरच्या वजनकाट्यावर कुत्र्याला उचलून उभे राहावे, मग एकट्याने; वजाबाकी केली की झाले. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांसाठी बहुतेक औषधे नसतातच. त्यांना बारीक दातांची फणी, कोमट पाणी आणि रोज उन्हात टाकलेले अंथरूण एवढेच. मात्र पिल्लाच्या अंगावर पिसवा फार असतील आणि हिरड्या पांढऱ्या दिसत असतील, तर पिसवांनीच त्याचे रक्त ओढलेले असते. त्याला दवाखान्यात न्यावे. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीबद्दल प्रत्येक औषधाचा नियम वेगळा आहे, तो विचारून घ्यावा. जखम, खरूज किंवा नुकतेच केस कापलेले असतील तिथे थेंब टाकू नयेत. थेंबांच्या आधी आणि नंतर दोन दिवस शाम्पू लावू नये.

नवे औषध पहिल्यांदा द्यायचे ते सकाळी, घरात कोणी तरी दिवसभर असेल आणि डॉक्टरांचा दवाखाना उघडा असेल अशा दिवशी. रविवारी रात्री किंवा गावाला निघण्याच्या आदल्या दिवशी देऊ नये. नळी लावणारा, गोळी देणारा घरात एकच असावा. नाही तर सकाळी आईने दिलेला डोस संध्याकाळी मुलगा पुन्हा देतो.

डोस कमी लागावा यासाठीचा उपाय कुत्र्याच्या अंगावर नसून घरात आहे. पिसवांच्या एकूण पसाऱ्यात अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा जेमतेम पाच टक्के असतात. बाकी अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, सोफ्याच्या खाचांत, फरशीच्या भेगांत असतात. अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुतले, कोपरे झाडले, तर औषधाचा दुसरा-तिसरा डोस देण्याची वेळ बऱ्याचदा येत नाही. गोचिडीही भिंतीच्या भेगांत आणि दाराच्या चौकटीमागे अंडी घालतात, तेव्हा त्या बुजवून घ्याव्यात.

एखादे औषध कुत्र्याला बाधलेच, तर ते डॉक्टरांना आणि खोक्यावर नंबर असलेल्या कंपनीला जरूर कळवावे. वर सांगितलेले इशारे अशाच तक्रारींमधून छापले गेले. आणि कुत्र्याच्या लसीकरणाच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर त्या औषधातल्या घटकाचे नाव लाल शाईने लिहून ठेवावे. व्यापारी नाव लिहून भागत नाही, कारण तोच घटक पुढच्या वर्षी दुसऱ्या नावाने, दुसऱ्या रंगाच्या खोक्यात दुकानात येतो.